बॉनेटखालची अवदसा

"आला! जळका वास आला!" कुणीतरी ओरडलं आणि उलव्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटापाशी जमलेली सगळी गर्दी दोन पावलं मागे सरली. मधोमध कमळाकरशेठची पांढरी गाडी. इंजिन चालू, बॉनेटच्या फटीतून निळसर धूर. ड्रायव्हरच्या सीटवर त्यांची सून सुचिता, ओठ घट्ट मिटलेले. समोर हात वर करून अग्निनाथ महाराज. अंगावर भगवी शाल, मनगटावर चकाकतं स्मार्ट घड्याळ.

"बघा लोकहो! सासरा बसला तेव्हा वास नाही. सून बसली आणि गाडीमाता जळायला लागली! हिच्या पायी अवदसा आहे!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणी व्हिडिओ काढू लागलं. कुणी तर चक्क धुराला नमस्कार केला.

वास नवा नव्हता. दसऱ्यापासून येत होता आणि तो फक्त सुचिता चालवायची तेव्हाच. ती ऐरोलीला कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला. हरेश, तिचा नवरा, जहाजावर. शेठ गाडी काढायचे ती मासळी बाजारापुरती. त्यांना कधी वास आला नाही. मग गॅरेजवाल्याऐवजी महाराजांना बोलावणं गेलं. दर मंगळवारी दक्षिणा घेऊन उतारा सुरू झाला, बॉनेट उघडून मंतरलेलं तेल ओतलं जाऊ लागलं आणि वास वाढतच गेला. शेवटी निकाल लागला, की सुचिताने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, नोकरी सोडायची आणि मोरा गावी, माहेरी जाऊन राहायचं. पुतळाबाईंनी, म्हणजे सासूने, तिची बॅगसुद्धा भरली होती.

मी देवळात कीर्तन असलं की कुकर गॅसवर विसरून पहिल्या रांगेत जाऊन बसणारी बाई. टाळ-मृदंग कानी पडला की माझे डोळे भरतात. म्हणूनच या माणसाचा मला संताप येत होता. आमचे बुवा तासभर गाऊन माणसाला जागं करतात. हा देवाचं नाव घेऊन लोकांच्या अकलेला अंगाई गात होता.

"निघ गो पोरी," पुतळाबाई रडवेल्या झाल्या. "मना काय बरा वाटतंय व्हय? पन माता कोपलीय."

सुचिता गाडीतून उतरली. मला वाटलं, आता रडणार. पण ती महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, आबा बसले तेव्हा गाडी नुकतीच चालू केली होती, बरोबर?"

"मग?"

"मग तुमचा मंत्र. तो संपेस्तोवर तुम्ही इंजिन बंद करू दिलं नाही."

"ज्योत अखंड लागते, मूर्ख मुली!"

"ज्योत कसली? इंजिन तापत होतं. आणि मी बसले ते तापलेल्या गाडीत. ऑफिसात मी हेच करते हो, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. तुम्ही दोन बदलल्यात." ती सासऱ्यांकडे वळली. "आबा, आता तुम्ही बसा. इंजिन चालूच राहू दे."

कमळाकरशेठ बिचकत बसले. धूर तसाच!

महाराज मात्र तयारीचे. "छाया! हिची छाया सासऱ्यात शिरली!"

"अरे देवा! मग तुम्हीच बसा की," मी म्हटलं. "तुमच्यात कुठली छाया शिरतेय?"

"बसा, बसा!" मघाशी धुराला हात जोडणाऱ्यांनीच त्यांना ढकलत नेऊन सीटवर बसवलं. धूर वाढला. महाराज खोकू लागले.

"म्हाराज," पुतळाबाईंनी खिडकीत डोकं घातलं, "आता कोनाचे पायान जलतंय?"

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सगळेच.

सुचिताने इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. छत्रीच्या टोकाने आतून एक तेलकट लाल फडकं बाहेर ओढलं. एक टोक जळून काळं झालेलं. इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप असतो, त्याला ते टेकलेलं. भोवती तेलाचे थर. इंजिन थंड असलं की काहीच नाही. पाइप तापला की तेल आणि कापड करपायचं. मासळी बाजार पाच मिनिटांवर, तेवढ्यात पाइप तापत नाही. ऐरोली लांब. एवढीच होती अवदसा!

कमळाकरशेठनी फडकं ओळखलं. "ह्यो तं खंडेनवमीचा कपरा! गारीची पूजा केली तवा इंजिन म्हंजे गारीचा काळीज म्हनून तुमीच बांधला नं आतमदी?"

"रक्षणासाठी..."

"रक्षन? अरं, गारी पेटली असती! माजी सून जलून मेली असती!"

"नाही हो शेठ," महाराज घाईघाईत बोलून गेले, "एवढ्याशा तेलानं पेट घेत नाही, नुसता धूर होतो!"

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कमळाकरशेठनी त्यांची शाल धरली. जो माणूस तेलाचं माप जाणतो, त्याने ते ओततानाच धूर मोजलेला असतो. पोलीस येईपर्यंत महाराज वॉचमनच्या खुर्चीत बसून होते, आणि त्यांच्या पाया पडायला एकही माणूस पुढे आला नाही.

गॅरेजवाल्याने तेल धुऊन काढलं, उष्णतेने कडक झालेली एक रबरी नळी बदलली. दुसऱ्या दिवशी सुचिताच गाडी घेऊन निघाली. पुतळाबाई हट्टाने शेजारी बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "ऐरोलीपरतूर नाक ताठ करून बसलू. वास नाय, काय नाय. आनी मी पोरीला घराभायेर काढत व्हती गो!" आणि पदराने डोळे पुसले.

माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. खंडेनवमीला गाडीला हार जरूर घाला. पण बॉनेटच्या आत ना कापड, ना तेल. जळका वास आला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खाली उतरा, मेकॅनिकला बोलवा. वास कधी येतो, कधी येत नाही, हे नीट बघा. देवाने अक्कल दिली आहे ती वापरणं ही त्याचीच सेवा आहे. आणि कुणी घरातल्या सुनेच्या पायाकडे बोट दाखवलं, तर आधी त्या बोटाला तेल लागलंय का ते बघा.