माय वं

“कट, कट, कट! शीलाताई, अहो ‘आई गं’! ‘आई गं’ म्हणायचंय!”

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर आडवी पडले होते. कपाळावर लाल रंग, अंगावर भरजरी साडी, आणि कमरेखाली कुणीतरी कीव येऊन सरकवलेली उशी. आमचा दिग्दर्शक अभय धावत आला. पोरगं माझ्या लेकाच्या वयाचं असेल.

“मग मी काय म्हटलं?” मी पडल्या पडल्याच विचारलं.

“‘माय वं’ म्हणालात.”

“मग?”

“मग काय मग? दमयंतीदेवी सरदार घराण्यातल्या आहेत, ताई. त्या मरताना ‘माय वं’ कशा म्हणतील?”

“मरताना घराणं कुणाला आठवतं रे, बाबा?”

लाइटवाली पोरं हसली. अभय हसला नाही. त्याला जेवणाच्या सुट्टीआधी मला मारायचं होतं.

दुपारी दोनच्या मालिकेत दहा-अकरा वर्षं मी ही दमयंतीदेवी करते आहे. भांडी घासून झाली की बायका टीव्हीपुढे बसतात आणि मला शिव्या घालतात. गुलमंडीत साडी घ्यायला गेले, तर दुकानदाराच्या बायकोनं माझा हात धरला, “सुनेला आता छळू नका हो, पोटुशी आहे!” मी म्हटलं, बघते विचार करून. दौलताबादच्या रस्त्यावरच्या या शूटिंगच्या भाड्याच्या बंगल्यात मी सुनेच्या दुधात काय काय कालवलं, ते माझं मला माहीत.

मी मूळची पिशोरची, धनगराघरची. लग्न होऊन वाळूजला आले. नवरा कंपनीत होता. तिथे कामगारांच्या नाट्यस्पर्धेत एकदा बाई कमी पडली म्हणून मी उभी राहिले, आणि मग बसलेच नाही. नवरा म्हणाला, नाटक तरी राहील नाहीतर मी तरी. मी म्हटलं, नाटक. त्याला वाटलं चेष्टा करते.

मालिकेच्या पहिल्याच दिवशी दाराच्या फटीत माझं बोट चेमटलं. खरंखुरं चेमटलं, आणि तोंडातून निघालं, “माय वं!” अख्खा सेट खो खो हसला. दुसऱ्या दिवशी माझी भाषा सुधारायला एक बाई आणल्या. ‘इथं’ नाही, ‘इथे’. ‘लई’ नाही, ‘फार’. मी सगळं गिळलं. पोटासाठी माणूस दगड गिळतं, हे तर शब्दच होते. पण राग गेला नाही. राग बरा असतो, चेहऱ्यावर तेज राहतं.

माझी आई बानाबाई आता सिडकोत माझ्याजवळच असते. जन्म मेंढरांमागे गेला. कान पार गेलेत, नजर मात्र घारीची आहे. कानाला यंत्र आणून दिलं, तर “किडा वळवळतो” म्हणून फेकून दिलं. ती ओठांवरून बोलणं ओळखते. तिच्यासमोर तोंडातल्या तोंडात पुटपुटायचीसुद्धा सोय नाही. मालिका ती आवाज बंद ठेवूनच बघते, आणि रोज एकच तक्रार करते. “तोंड तुहं हाये, बोली दुसऱ्याची. तुह्या व्हटावर आपला एक शबूद दिसत नाय.”

आज सकाळी निघताना मी तिच्यासमोर बसून सांगितलं, “माय, आज माझं काम संपतंय. मला मारणार आहेत.”

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “मरतीस तं मर. पण मरताना माणूस मायलाच हाक मारतं. जलमभर दुसऱ्याचं बोललीस, तेवढी हाक तं मह्या नावानं मार. म्या बघन.”

म्हणून मी त्या जिन्यावरून उठत नव्हते.

अभय फोनवर वरच्यांशी बोलून आला. चेहरा उतरलेला होता.

“ताई, ते म्हणतात, तुम्ही ऐकणार नसाल तर तुमचं मरण दाखवायचंच नाही. सरळ फोटोला हार घालू.”

आता मात्र मी उठून बसले. रंगाचा ओघळ नाकावर आला होता, तो पदरानं पुसला, आणि गिळलेलं सगळं वर आलं.

“घाला की हार! काऊन थांबलात? पण एक सांगते. मह्या हसऱ्या तोंडाचा एक फोटू नाय तुमच्याकडं. इतकी वर्षं नुसते डोळे वटारायला लावले मला. डोळे वटारलेल्या बाईला हार घाला, आन बघा कोन रडतंय! लोक पेढे वाटतीन, पेढे!”

मेकअपवाले कारभारी मामा कोपऱ्यातून म्हणाले, “ताईचं खरं हाये, साहेब. हासंच व्हईल.”

अभय कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. म्हणाला, “बरं. घ्या तुमच्या मनासारखं. पण एकदाच.”

“एकदाच. हाडं माझी आहेत. आणि कॅमेरा जवळ आण. तोंड नीट दिसू दे.”

मी पडले. बेंबीच्या देठापासून हाक मारली, “माय वं!” नाटकी नव्हती ती. पिशोरची टेकडी, वाळूजची खोली, ते चेमटलेलं बोट, सगळं त्या हाकेत होतं. कुणी हसलं नाही. अभय ‘ओके’ म्हणाला.

तो भाग लागला त्या दुपारी शेजारच्या दोघी-तिघी माझ्याकडे जमल्या. त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. माय पुढ्यात, पाय पसरून बसलेली. मी तिच्या मागे उभी.

पडद्यावर दमयंतीदेवी जिन्यावरून कोसळल्या. ओठ मिटले, उघडले, आणि टीव्हीतून आवाज आला, “आई गं!”

कुणा भलत्याच बाईचा आवाज, साखरेत घोळलेला. मुडद्यांनी माझ्या तोंडात दुसरीची हाक कोंबली होती! शेजारणी डोळ्यांना पदर लावत होत्या. मी रागानं फोन उचलला. अभयच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा म्हणून त्याचा नंबर शोधायला लागले.

तेवढ्यात पुढून माय ओरडली. टेकडीपल्याड गेलेल्या मेंढराला साद घालावी तसल्या आवाजात.

“ओऽऽ!”

सगळ्या दचकल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडे बघत होती. “ओ, बाय! हाये म्या हितं!”

“आजी, कुणाला बोलताय?” शेजारीण म्हणाली. मायला कुठलं ऐकू जातंय?

मी तिच्यासमोर जाऊन बसले, ओठ नीट हलवत विचारलं, “माय, काय झालं?”

“काय व्हायचंय? लेकीनं हाक मारली. ओ द्यायला नको?”

ती साखरेतली हाक तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तिनं माझे ओठ पाहिले होते.

मी फोन बाजूला ठेवला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी हसत होते. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली. मायनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

“झालं ना मरून? उठ मंग, चहा टाक.”