सोळाव्या लाइनपासून पुढे

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार खिडकीवर आल्या तेव्हा साहेब नेमके तिथेच उभे होते. बाईंचं म्हणणं साधं होतं. फोनवरून नंबर फिरवून जोडायचं त्यांचं इंटरनेट दिवसा व्यवस्थित चालतं, पण संध्याकाळी सात वाजता शेजारच्या काकांनी आपल्या घरून तोच नंबर फिरवल्याशिवाय बाईंचं सुरूच होत नाही. खिडकीवरच्या कारकुनाने मान खाली घालून हसू दाबलं. साहेबांनी ते दाबायची तसदीही घेतली नाही. मोडेम बदलून बघा, असं सांगून ते जिना चढून गेले.

पण मागच्या टेबलाशी अक्का बसली होती. एक्स्चेंजमध्ये सगळे तिला अक्काच म्हणत, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. इंटरनेटचं नवं काम तिच्याकडे होतं. आधी इंटरनेटवाल्यांचे फोन साध्या फोनसारखेच एक्स्चेंजमधून जात आणि तासन्‌तास लायनी अडवून बसत. आता इंटरनेट कंपनीचे सर्व्हर थेट एक्स्चेंजच्या सिग्नलच्या जाळ्याला जोडले होते. कोणाचा फोन आला, कुठल्या लाइनवर घ्यायचा, कधी ठेवला, हे निरोप एका वेगळ्या तारेने जात. खुद्द आवाज दुसऱ्या केबलने जाई. तीन महिने खपून अक्काने ते उभं केलं होतं. दिवसा तिने स्वतः शंभरदा फोन लावून पाहिला होता आणि शंभरदा लागला होता.

म्हणून तिला हसू आलं नाही. उलट डोक्यात किडा वळवळायला लागला. तिने बाईंना थांबवलं आणि विचारलं, शेजारच्यांनी फोन केल्यावर किती वेळाने सुरू होतं?

"आठ-नऊ सेकंदांत," बाई म्हणाल्या. "आधी अगदी शांत. रिंगसुद्धा नाही, खरखरसुद्धा नाही. मग एकदम मोडेमची ती किंचाळी सुरू होते. मी कानाची माणूस आहे हो, माझी चूक होणार नाही."

त्या शांततेनेच अक्काला ओढलं. बिघडलेली लाइन खरखरते, तुटलेली लाइन मेलेली असते, गर्दी असली तर टोन येतो. फोन उचलला जातो आणि पलीकडे कोणीच नसतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी येते, असं तिने सांगून टाकलं.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. शेवटची शिष्या नुकतीच गेली होती, खोलीत अजून गजाला लावायच्या राळेचा वास होता. भिंतीपलीकडे काका राहत. आयुष्यभर मोजणी खात्यात नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. या दोघांचं चार वर्षं बोलणं नव्हतं, कारण दुपारच्या झोपेत व्हायोलिनचे धडे घुसतात म्हणून काकांनी एकदा घरमालकाला लेखी कळवलं होतं. ते बाईंच्या फार मनाला लागलं होतं.

मग इंटरनेट आलं. दोघांनाही ते जास्त करून संध्याकाळीच लागे, आणि दोघांचंही अडे. एकदा बाई हिरमुसून बसल्या असताना मोडेम अचानक किंचाळला, आणि त्याच्या जरा आधीच पातळ भिंतीतून काकांच्या फोनची बटणं दाबल्याचे सूर त्यांच्या कानावर आले होते. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान खाली घालून काकांची बेल वाजवली. तेव्हापासून ठरून गेलं होतं. बाई भिंतीवर दोनदा ठोकत, काका इंटरनेटचा नंबर फिरवून रिसीव्हर टेबलावर काढून ठेवत आणि अर्धा तास वाचत बसत. त्यांनी फोन ठेवला की बाईंचं बंद पडे, म्हणून ते चहालासुद्धा जपून उठत. मग पाळी उलटी. काकांना जुने नकाशे बघायचे असत, तेव्हा बाई रिसीव्हर काढून ठेवत. दहातून दोन-तीनदा बेत फसायचा, पण बहुतेक वेळा जमायचं.

अक्काने मोडेम बाजूला ठेवायला सांगितला आणि साधा फोन घेऊन नंबर फिरवला. पलीकडे उचलला गेला. मग खरंच काही नाही. बाईंनी वर्णन केलं होतं अगदी तशी, स्वच्छ, रिकामी शांतता. तिने मान डोलावली. बाईंनी भिंतीवर ठोकलं. अक्का मनात मोजत राहिली, आणि नवव्या सेकंदाला तिच्या कानात सर्व्हरची कर्कश शीळ फुटली. आपणच जोडलेलं यंत्र भलत्याच माणसाच्या हाकेला ओ देत होतं.

दुसऱ्या दिवशी ती इंटरनेट कंपनीत गेली. तिथला सर्व्हरवाला तिच्याशी तीन महिने फोनवर भांडला होता, पण माणूस सरळ होता. त्याचं पालुपद ठरलेलं: आमच्याकडे सगळं ठीक आहे, दोष तुमच्या एक्स्चेंजचा. एक्स्चेंजमध्ये साहेब हेच उलट बोलत. गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. निरोपांच्या तारेवर एकही चूक नव्हती. फोन आला, घेतला, ठेवला, सगळं बिनबोभाट.

अक्काने आदल्या संध्याकाळी सात वाजताची, लाइनवार लावलेली यादी मागितली. एका बाजूला ज्या फोनवरून कॉल आला त्याचा नंबर, दुसऱ्या बाजूला आत शिरलेल्या ग्राहकाचं नाव. तिने सोबत आणलेली टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि दोघं एकेक ओळ ताडून पाहू लागले. पंधराव्या ओळीपर्यंत नाव आणि नंबर बरोबर जुळत होते. सोळाव्या ओळीत एका शिंप्याचा नंबर होता, नाव नव्हतं. सतराव्या ओळीत नंबर एका दातांच्या डॉक्टरांचा, आणि नाव त्या शिंप्याचं. अठराव्या ओळीवर नंबर भलत्याचाच, नाव डॉक्टरांचं. पुढे सगळे तसेच, प्रत्येक जण आपल्या मागून आलेल्याच्या जागेवर बसलेला.

सर्व्हरवाल्याने महिन्याभराच्या याद्या काढल्या. सोळाव्या लाइनवर आजवर एकही माणूस आत शिरला नव्हता.

"केबलमध्ये बोलण्याच्या जागा किती धरल्यास तू?" अक्काने विचारलं.

"एकतीस. तुमच्या बाजूने तीसच वापरता, एक राखीव ठेवली असेल असं वाटलं."

अक्काने आपला जोडणीचा कागद पिशवीतून काढला. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: लायनी एक ते तीस. जुन्या पद्धतीत निरोप आवाजाच्याच केबलमधून, सोळाव्या जागेतून जायचे. म्हणून एक्स्चेंजमधली माणसं ती जागा सोडूनच मोजत. पंधरानंतरची लाइन म्हणजे सतरावी जागा, हे तिच्या हाडात इतकं भिनलं होतं की लिहायची गरजच वाटली नव्हती. आता निरोपांना वेगळी तार मिळाली होती, सोळावी जागा मोकळी झाली होती, आणि सर्व्हरवाल्याने ती सरळ मोजली होती. त्यामुळे निरोप एका दाराशी पोचत होता आणि माणूस शेजारच्या दाराशी उभा होता. मागून सतराव्या लाइनवर कोणी आलं, तरच त्याच्या निरोपाने सतराव्या जागेचं दार उघडायचं, आणि तिथे थांबलेला सोळाव्या लाइनचा माणूस आत शिरायचा. दिवसा पंधराहून जास्त लोक नसतच, म्हणून तिला कधी कळलं नाही.

सर्व्हरवाल्याने आपल्या जागा मोजायच्या तक्त्यातली सोळावी जागा काढून टाकली. काम पाच मिनिटांचंही नव्हतं. संध्याकाळी सातला बावीस माणसं जोडलेली होती आणि बावीसही नावं आपापल्या नंबरासमोर होती.

साहेबांनी चूक कोणाची म्हणून विचारलं. अक्काने कागद पुढे ठेवला आणि सांगितलं, की निम्मी माझी, निम्मी त्याची, आणि शोधली व्हायोलिनच्या बाईंनी. साहेबांनी कागद वाचला. मग बाईंना आभाराचं पत्र टाईप करायला त्यांनी स्वतःच कारकुनाला सांगितलं.

ते पत्र द्यायला अक्का स्वतः गेली. काकाही तिथेच होते. समजावून सांगताना तिला शब्द सापडेनात, तेव्हा काकांनी घरून मोठा कागद आणि कडक शिसाची पेन्सिल आणली आणि तिच्या सांगण्याबरहुकूम एकतीस चौकोन आखले, पट्टी न लावता, एकसारखे. बाईंनी सोळाव्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही जागा आता रिकामीच राहणार?"

"तूर्त रिकामीच," अक्का म्हणाली.

काकांना ते पटलं नाही. एवढी चांगली जागा वाया का घालवायची, दोन्हीकडच्यांनी मिळून मोजली तर एकतिसावा माणूस नाही का मावणार, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणायला अक्काकडे काही कारणच नव्हतं. तिने काकांकडून पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्या चौकोनापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.