मी क्रौंचाची कापडी मान

मी एक मान बोलतेय. कापडाची, लांब, राखाडी मान. डोकं आहे मला, काळ्या मण्यांचे डोळे आहेत, लाल रंगाची लाकडी चोच आहे. धड तेवढं नाही. कुणीतरी आत हात घातला, की मी जिवंत होते. तो हात वहिनींचा.

वहिनी म्हणजे व्रतांची बाई. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी देवापुढे दिवा लावून सांगितलं होतं, "पट्टी निघेपर्यंत मौन पाळीन." मी तेव्हा त्याच घरात होते, खुंटीवरच्या सासऱ्यांच्या जुन्या कोटाची डावी बाही म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे तेव्हा डोळे नव्हते, पण घडलं माझ्यासमोरच. पहिल्याच सकाळी गॅसवरचं दूध वर आलं आणि वहिनी ओरडल्या, "अगं बाई, दूध!" झालं, मौन तिथेच संपलं. सासूबाईंचा डोळा उत्तम बरा झाला. घराला मात्र चेष्टेला कायमचा विषय मिळाला. दूध तापत ठेवलं, की कुणीतरी म्हणायचंच, "वहिनी, मौन सांभाळा हं!" वहिनीही हसायच्या. पण संध्याकाळी हात जोडताना हळूच म्हणायच्या, "देवा, राहिलंय ते. विसरले नाही मी."

वहिनींचे धाकटे दीर पाणथळीतले पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेत काम करतात. संस्था म्हणजे एका जुन्या गोदामातल्या खोल्या, मागे जाळीचे पिंजरे, आणि दिवसभर धुतल्या जाणाऱ्या बादल्या. एक दिवस ते घरी आले ते विचारतच, "वहिनी, एक मान शिवून द्याल का?"

"मान? कुणाची?"

"क्रौंचाची."

आतून सासूबाई म्हणाल्या, "आधी माझ्या उशीचा अभ्रा शिव म्हणावं. पाखरांच्या माना मागाहून."

मग भाऊजींनी लाडोबाची गोष्ट सांगितली. लाडोबा हा संस्थेतला पहिला क्रौंच. सगळ्यांनी त्याला हातानं भरवलं, अंगाखांद्यावर खेळवलं, नावानं हाका मारल्या. तो मोठा झाला आणि त्याला वाटायला लागलं, आपणही माणूसच. थव्यात सोडला, तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या माणसांमागे फिरताना सापडला. तेव्हापासून तो पिंजऱ्यात आहे. बादली घेऊन कुणी आलं, की पंख पसरून नाचतो. माणूस दिसला नाही, की दिवसभर दाराकडे बघत बसतो.

"आता पुरात बुडालेल्या घरट्यातलं एक अंडं मिळालंय," भाऊजी म्हणाले. "पिल्लानं माणूस बघायचा नाही, माणसाचा आवाजही ऐकायचा नाही. भरवायला आई हवी, ती पाखराच्या तोंडाची."

अशी मी कोटातून सुटले. पहिल्या खेपेला वहिनींनी माझ्यात मायेनं भरपूर कापूस भरला. संस्थेच्या डॉक्टरबाईंनी मला फोटोशेजारी धरलं आणि विचारलं, "हिला गालगुंड झालंय का?" मला उसवलं, कापूस निम्मा केला. सुताराकडून चोच कोरून आणली, ती अंगठ्यानं उघडमीट होईल अशी बसवली. सगळे टाके आतून घातले. धागा सुटला, तर पिल्लू तो अळी समजून गिळेल आणि आतडं अडकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी प्रत्येक टाका नखानं ओढून बघायच्या.

तयार झाले, तर मी वहिनींच्याच हाताला चपखल बसत होते. डॉक्टर म्हणाल्या, "मग भरवायचंही तुम्हीच."

भाऊजी हसू दाबत म्हणाले, "डॉक्टर, वहिनी? गप्प?"

वहिनी रागावल्या नाहीत. "राहीन मी," म्हणाल्या. "देवानंच आठवण ठेवलेली दिसते."

पिल्लाच्या खोलीत जायचं, तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर जाळी. माझ्या गळ्यात एक छोटा स्पीकर शिवलेला, त्यातून क्रौंचाच्या आईची गुरगुर यायची. अंड्यातून निघालेलं पिल्लू होतं बदामी रंगाचं, मुठीएवढं, आणि पाय सगळे गुडघ्यांचेच. पहिला दिवस त्यानं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी मान टाकली. वहिनींच्या मनगटाची नाडी मला जोरात लागत होती. त्यांच्या घशात "ये रे, खा रे" येऊन अडकलं होतं, ते मला हाडापर्यंत कळत होतं. लेकरू जेवत नाही आणि आईनं काही बोलायचं नाही, हे केवढं कठीण! पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी माझी चोच वाटीतल्या पाण्यात बुडवली आणि बोटं इतकी हलकी थरथरवली, की टोकावरचा थेंब उजेडात चमकायला लागला. पिल्लानं एक डोळा उघडला. थेंबावर टोच मारली. मग दुसऱ्या थेंबावर. थेंबामागून अळी आली.

त्या दिवसापासून त्यांची बोटं बोलायला शिकली. रागवायचं कसं, बोलवायचं कसं, "सावकाश, घास अडकेल" कसं सांगायचं, सगळं माझ्या मानेतून. एकदा झग्यात गांधीलमाशी शिरली आणि त्यांच्या मानेला डसली. वहिनींनी जाळीचा काठ दातात धरला, पण भरवणं थांबवलं नाही. बाहेर आल्यावर मान भोपळ्यासारखी सुजलेली. सासूबाईंना कळलं, तेव्हा त्या चकितच झाल्या. "घरी मुंगी चावली तरी ही सात घरं जागी करते," म्हणाल्या, आणि स्वतः उठून औषध लावलं. त्या दिवसापासून दुधाची चेष्टा बंद झाली.

पिल्लू उंच झालं. आम्ही त्याला दलदलीत न्यायचो. मी चिखलात चोच खुपसून दाखवायची, ते खुपसायचं. उडायच्या दिवसांत वहिनी झगा फडफडवत बांधावरून पळायच्या. धापा टाकत, पण तोंड मिटलेलं. एके सकाळी पिल्लू त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि त्या तिथेच मटकन बसल्या.

मग त्याला रानातल्या थव्याजवळ सोडलं. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाल्या, "आता शेवटची परीक्षा. कुणीतरी साध्या कपड्यांत, बोलत बोलत त्याच्याकडे चालत जायचं. पळालं तर आपण जिंकलो."

"आणि जवळ आलं तर?"

"तर लाडोबाशेजारचा पिंजरा."

मग वहिनींनी मला हातातून काढलं आणि भाऊजींकडे दिलं. "मी जाते. इतके दिवस गप्प बसलेय, बोलायचा मान माझा."

गवताच्या आडोशामागून मी पाहत होते. साडीचा पदर खोचून वहिनी उघड्यावर चालत गेल्या. त्यानं मान वर केली. वहिनी थांबल्या. एवढ्या महिन्यांत काय काय सांगायचं साठलं असेल! पण तोंडातून निघालं ते इतकंच, "जेवलास का रे?"

त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. भाऊजींची मूठ माझ्यावर आवळली गेली.

वहिनी आणखी मोठ्यानं म्हणाल्या, "पोटभर जेवलास का रे, बाळा?"

तो दचकला. कर्कश ओरडला, वळला, धावत सुटला आणि पंख मारत थव्याकडे निघून गेला. त्याच्या ओरडण्यानं सगळा थवाच उठला.

वहिनी परत आल्या, तेव्हा डोळे वाहत होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, केवढ्यानं ओरडलात! थव्यासकट उडवलंत."

"ओरडले कुठे? विचारलं फक्त," त्या म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं, हात जोडले आणि हसल्या. "बरं झालं गं बाई. ओळखलं नाही त्यानं मला."

आता मी भरवण्याच्या खोलीबाहेर खुंटीला टांगलेली असते. चोचीचा लाल रंग टोचून टोचून उडालाय, एक डोळा नवा बसवलाय. आत उबवणीच्या पेटीत दोन अंडी आहेत, आणि वहिनी आठवड्यातून एकदा येऊन माझे टाके नखानं ओढून बघतात.

वाचणाऱ्या ताई-दादांनो, तुमच्या खिडकीत, बांधावर, तळ्याकाठी एखादं रानातलं पोर कधी दिसेल. ते फार गोड असेल. त्याला जवळ घ्यावंसं, नाव ठेवावंसं वाटेल. जखमी असेल, तर जाणत्या माणसाला बोलवा. धडधाकट असेल, तर वहिनींसारखं एक छोटंसं व्रत धरा. माया करा, आणि ती त्याला कळू देऊ नका.