माझा मागचा कोपरा गार आहे

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना शेकर आहे. बाटल्या उबेत ठेवून दिवसभर हलवत राहायचं, हे माझं काम. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही! नवा होतो तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. आता पायाखाली पुठ्ठा सरकवून मला कसंबसं उभं केलंय. त्यात आतली ऊब सगळीकडे पसरवणारा पंखा अर्धा निकामी झालाय, त्यामुळे माझा मागचा कोपरा गार पडतो. हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदा एक संशोधक ताई यीस्टवर काम करत होती. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारे इवलेसे जीव. त्यांच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की तो त्यांना निरोप असतो, कधी 'सावध हो', तर कधी 'वाढ'. ताईचं औषध कॅल्शियमची ही वाट अडवायचं. मग यीस्टची वाढ थांबते का, एवढंच तिला बघायचं होतं. अदलाबदल नको म्हणून औषधाच्या बाटल्या ती नेहमी मागे ठेवायची आणि बिनऔषधाच्या पुढे.

झालं! मागचं यीस्ट जेमतेम वाढलं. "औषधानं वाढच रोखली!" म्हणून ताई हरखली. सोमवारी तिचा लेख छापायला जाणार होता. माझा जीव टांगणीला लागला. अगं बाई, बरीचशी करामत माझ्या गारठ्याची आहे! मी खडखडलो, घरघरलो, बाटल्या आपटल्या.

"काय कटकट आहे या म्हाताऱ्याची!" असं म्हणून तिनं माझं दार धाडकन लावलं.

शुक्रवारी बाटल्या धुणाऱ्या मावशी आल्या. दोन्ही हातांत बाटल्या घेऊन त्या थबकल्या.

"ताई, या मागच्या गार कशा लागतात गं?"

"काहीतरीच काय, मावशी!" ताईनं आधी पुढच्या, मग मागच्या बाटलीला हात लावला. "माझे चार महिने पाण्यात गेले."

"आणि छापून आल्यावर कळलं असतं म्हणजे?" मावशी म्हणाल्या.

ताई रडली. मलाही फार वाईट वाटलं. मग तिनं डोळे पुसले, दोन्ही प्रकारच्या बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून प्रयोग पुन्हा मांडला. सोमवार हुकला. फरक निघाला, पण अगदी थोडा. तिनं तेवढाच लिहिला, आणि माझा पंखा बदलून घेतला.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना टाकू नका, पण आमच्यावर डोळे झाकून भरवसाही ठेवू नका. आमचं काय बिघडलंय हे सांगायला आम्हाला तोंड नाही. रोज एकदा हात लावून बघत जा.