चौथा बाण

ओयोनेने चूक केली ती मायेपोटी, आणि असल्या चुका फार महागात पडतात.

दोतोनबोरी या नाटकशाळांच्या पेठेतल्या एका खेळघरात तिचा नवरा किसुके याचा धनुर्धारी बाहुला वीस वर्षं बाण मारत होता. चावी दिली की आपल्या हाताने एकेक बाण उचलायचा. पहिले दोन लागायचे, तिसरा मुद्दाम चुकायचा, बाहुला मान खाली घालायचा, लोक हळहळायचे. मग चौथा अचूक मधोमध. लोक त्या चौथ्यासाठीच यायचे. पण यंदा दमट हवेने आतली स्प्रिंग, देवमाशाच्या तोंडातल्या पट्टीची, मऊ पडली. तीन दिवस बाण वाटेतच गळत होते. खेळघराच्या मालकाने, हिकोबेईने, किसुकेला बजावलं होतं, "आज चौथा लागला नाही, तर उद्यापासून इथे माकडवाला. तू बस बाहुला कुरवाळत."

ही पट्टी सावलीत वाळवायची, विस्तव दाखवला तर ती तडकते, हे कारागिराच्या घरातलं पोरही जाणतं. ओयोनेही जाणत होती. तरी सकाळी किसुके न्हाणीघराकडे गेला आणि तिने ती शेगडीवर धरली. थोडीशीच, असं स्वतःला बजावत. पट्टी टणक झालेली पाहून तिला आनंदाने रडू आलं.

खेळ सुरू झाला आणि पहिला बाण सणसणत गेला. दुसराही.

"अगं, नशीब फिरलं बघ!" पडद्याआड किसुके कुजबुजला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता. आता त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने?

तिसरा ठरल्याप्रमाणे चुकला. बाहुल्याने मान खाली घातली. "रुसू नको रे राजा!" कुणीतरी ओरडलं.

चौथा बाण उचलताना आत कट् आवाज झाला. हात अर्ध्यावरच थांबला.

किसुकेने पेटीची मागची झडप उघडली. करपल्याचा वास आला.

"शेगडी?"

"अहो, तुम्ही न्हायला गेला होतात तेव्हा..."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता खाली बसला.

बाहेर लोकांना हा नवाच डाव वाटला. हिकोबेई खुशीत आत डोकावला. "वा रे किसुके! असं ताणून धरणं आधी का नाही सुचलं? आता सोड बाण."

पुढच्या रांगेतल्या म्हातारीने हात जोडले. "मार रे लेकरा, या वेळी लागेल."

लोकांनी शिव्या द्याव्यात, उठून चालू पडावं, असं ओयोनेला वाटत होतं. पण कुणीच उठेना.