आवाजाचा टेस्टर

कर्वेनगरातल्या गॅरेजवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गाडीच्या वायरिंगमधला दोष सापडत नसेल तर ती श्रीधरकडे न्यायची. पंचवीस वर्षांपूर्वी वाशीमहून पुण्यात आलेला हा माणूस बॉनेटमध्ये वाकला, की तासाभरात दोषी तार चिमटीत धरूनच वर यायचा. त्याची हत्यारं दोनच. एक टेस्ट लॅम्प, म्हणजे टोकदार सुईच्या दांड्यात बसवलेला छोटा दिवा, तारेत करंट असला की पेटणारा. आणि दुसरा मल्टिमीटर, व्होल्टेजचा नेमका आकडा दाखवणारा.

दोन्ही हत्यारांना डोळे लागतात. आणि श्रीधरचे डोळे मधुमेहाने नेले. लेझर झालं, इंजेक्शनं झाली, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याच्याजवळ उरला तो उजेड, अंधार आणि माणसांच्या धूसर आकृत्या.

गॅरेजमधला त्याचा भागीदार सुदर्शन म्हणाला, "दादा, तुम्ही नुसते खुर्चीत बसा. मी मीटर लावतो, आकडा सांगतो. दोष कुठे ते तुम्ही सांगा." श्रीधर चार दिवस गेला. पाचव्या दिवशी चपला घातल्याच नाहीत.

"आकडा दुसऱ्याने वाचायचा आणि दोष मी काढला म्हणायचं, हे मला जमणार नाही," एवढंच तो बायकोला म्हणाला.

श्यामलाने त्याला समजावलं नाही. समजावून ऐकणारा माणूस नव्हे, हे तिला वीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. भोसरीच्या एका कारखान्यात तिने बारा वर्षं सोल्डरिंगच्या टेबलावर काढली होती. मुंगीएवढे भाग हिरव्या पट्टीवर जोडायचे, दिवसाला दोनशे पट्ट्या. कारखाना चाकणच्या पलीकडे गेला तेव्हा तिने नोकरी सोडली. सोल्डरिंगची गन मात्र माळ्यावर जपून ठेवली होती.

एका दुपारी दोघं गॅलरीत बसले होते. खालून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"अकराच्या खाली आलाय," श्रीधर सहज बोलून गेला.

"काय अकराच्या खाली?"

"व्होल्टेज. हॉर्न कसा बसका वाजला बघ. उद्या धक्का मारावा लागणार बिचाऱ्याला."

श्यामला हातातली मेथी तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला व्होल्टेज ऐकू येत होतं!

दुसऱ्या दिवशी ती बुधवार पेठेत गेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची तिथे दुकानाला लागून दुकानं. पहिल्याच दुकानातल्या गृहस्थाने तिने आणलेली यादी हातात न घेताच म्हटलं, "मिस्टरांना पाठवा ताई. नेमकं काय हवंय ते त्यांना माहीत असेल."

"नेमकं काय हवंय ते मलाच माहीत आहे," श्यामला म्हणाली. "आयसीचा नंबर सांगते, लिहून घ्या. आणि झेनर डायोड द्याल तो मोजून द्या, मागच्या वेळी एका मैत्रिणीला भलताच मिळाला होता."

गृहस्थाने पेन काढलं.

तिच्या डोक्यातलं यंत्र साधं होतं. एक चिमटा गाडीच्या बॉडीला लावायचा, सुई तारेला. आकड्याऐवजी सूर ऐकू यावा. व्होल्टेज जास्त तर सूर चढा, कमी तर उतरता, करंट नसेल तर शांतता. पहिलं यंत्र मांजरासारखं केकाटलं आणि जळालं. दुसरं चाललं, पण बारा आणि अकरामधला फरक त्यात धड कळेना. तिसऱ्याच्या वेळी तिने कारखान्यातल्या जुन्या सुपरवायझरबाईंना फोन लावून दोन तास त्यांचं डोकं खाल्लं. चौथं तिने साबणाच्या डबीत बसवलं, बाजूला छोटा स्पीकर, आत फ्यूज, आणि कानात घालायच्या वायरीसाठी भोक. ते टिकलं.

मग सुरू झाली शिकवणी. घरात जुनी बॅटरी होतीच. श्यामला व्होल्टेज कमी-जास्त करायची, मीटर आपल्याकडे वळवून ठेवायची आणि विचारायची, "आता?"

"बारा-सहा."

"आता?"

"बारा... नाही, अकरा-नऊ."

पंधरा दिवसांनी तो दोन दशांशांपेक्षा जास्त चुकेनासा झाला. त्या दिवशी त्याने आपणहून चपला शोधल्या.

गॅरेजमध्ये तेव्हा एक व्हॅन उभी होती. एक संस्था तिच्यातून वयस्कर रुग्णांना डायलिसिसला ने-आण करायची. व्हॅन चालता चालता मध्येच बंद पडायची आणि दोन मिनिटांनी आपोआप सुरू व्हायची. आदल्या आठवड्यात ती चार रुग्णांना घेऊन भर उन्हात पुलावर थांबली होती. तीन गॅरेजेस झाली, बॅटरी बदलली, पंप बदलला. दोष जागेवरच.

संस्थेचं काम बघणारे गोपाळकृष्ण बॅंकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी श्यामलाचा हात धरून येणाऱ्या श्रीधरकडे आणि मग साबणाच्या डबीकडे पाहिलं.

"तीन डोळसांना सापडलं नाही," ते सुदर्शनला म्हणाले. "आता हे बघणार का?"

श्यामला पुढे सरसावली. ती काही बोलणार, तेवढ्यात श्रीधर शांतपणे म्हणाला, "बघणार नाही, ऐकणार आहे. आपण दोन मिनिटं गप्प राहू शकलात तर."

गोपाळकृष्ण गप्प राहिले. बहुधा बऱ्याच वर्षांनी.

सुदर्शनने इंजिन न चालवता चावी फिरवली. इंजिनकडे जाणाऱ्या तारेत श्रीधरने सुई टोचून ठेवली, शेजारीच सुदर्शनने स्वतःचा मीटरही लावला. डबीतून एकसारखा सूर निघू लागला.

"मीटरवर बारा-पाच, दादा. ठाम आहे."

"असू दे. आता मी तारा हलवतो."

श्रीधर वायरिंगच्या जुडग्यावरून बोटं फिरवत निघाला. प्रत्येक वीतभर अंतरावर थांबायचा, जुडगं हलकेच हलवायचा, ऐकायचा. फ्यूजच्या डब्याजवळ काही नाही. फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, काही नाही. मग तो ड्रायव्हरच्या सीटपुढे गुडघे टेकून आत शिरला आणि स्टिअरिंगच्या खालचा भाग हलवू लागला. श्यामलाची नजर डबीवर होती. यंत्र ऐन वेळी जळालं तर? तिला घरी गेल्यावर त्याच्याकडे बघवलं नसतं.

"थांब," श्रीधर म्हणाला. "ऐकलं?"

कोणीच काही ऐकलं नव्हतं.

"मीटरवर बारा-पाचच आहे," सुदर्शन म्हणाला.

श्रीधरने तीच तार पुन्हा हलवली. या वेळी श्यामलालाही ऐकू आलं. एकसारख्या सुरात केसाएवढी चीर पडली आणि सूर पुन्हा जुळला. तिसऱ्यांदा सगळ्यांनाच कळलं.

"हा जोड उघड. आतली एक पिन सैल असणार, काळी पडलेली."

सुदर्शनने जोड उघडला. सहा पिनांतली एक काळी होती आणि बोट लावताच डुलत होती. इंजिनचा करंट तिच्यातूनच जायचा. खड्ड्याने ती हलली की क्षणभर संपर्क तुटायचा, आणि इंजिनला तेवढा क्षण पुरेसा होता.

"मग माझ्या मीटरला का दिसलं नाही?" सुदर्शनने विचारलं.

उत्तर श्यामलाने दिलं. "तुमचा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. मधल्या वेळात काही तुटलं आणि जुळलं तर त्याला पत्ताच लागत नाही. सूर मात्र त्याच क्षणी तुटतो."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की गॅरेजमधली सगळी माणसं तिच्याकडे बघताहेत. तिने हे यंत्र नवऱ्याच्या डोळ्यांची उणीव भरून काढायला केलं होतं. ते डोळसांच्या मीटरच्या पुढे जाईल हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिची मान आपोआप ताठ झाली आणि तिने ती तशीच राहू दिली.

पिन बदलली. सुदर्शनने व्हॅन वारज्यापर्यंत मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून नेऊन आणली. एकदाही बंद पडली नाही.

आठ दिवसांनी गोपाळकृष्णांचा सुदर्शनला फोन आला. "व्हॅन व्यवस्थित चालली आहे. तक्रार करायला जागा नाही, म्हणून फोन केला." पुढे थोडं थांबून म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं. त्यांना सांगा."

फोन स्पीकरवर होता. श्रीधर हसला आणि म्हणाला, "ऐकलं मी."

त्याच दिवशी सुदर्शनने विचारलं, "दादा, तसला एक टेस्टर मला मिळेल का?"

"मला काय विचारतोस? ज्यांनी बनवला त्यांना विचार."

सुदर्शनने गॅरेजमधलं खिडकीजवळचं टेबल रिकामं करून पुसून दिलं. श्यामला आता रोज दहाला तिथे बसते, टेस्टर बनवते आणि गाड्यांची बिघडलेली कंट्रोल युनिटं उघडून दुरुस्त करते. तारांचे रंग विचारायला श्रीधर अधूनमधून तिला हाक मारतो. बाकी काम तो एकटा करतो.

नवीन गिऱ्हाईक आलं की तो काम सुरू करण्याआधी टेस्टर त्याच्या हातात देतो. "बघा, हा आमच्या मंडळींनी बनवलाय. बाजारात मिळायचा नाही."

"अहो, पुरे," श्यामला मान खाली घालून म्हणते. पण घाईगडबडीत एखाद्या गिऱ्हाइकाला सांगायचं राहून गेलं, तर तिला दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.