पत्र्याच्या शेडमधली सवत

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो, आणि मी मत्सरी आहे. हे आधीच सांगते, म्हणजे माझी गोष्ट ऐकताना तुम्ही मला उगाच साधीभोळी समजणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परभणीच्या अण्णासाहेबांनी सहा वर्षे वाट पाहिली. मी घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नीने, लीलाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातले आणि गल्लीत पेढे वाटले.

अण्णासाहेब पिंगळीच्या शाळेत विज्ञान शिकवत. अठ्ठावीस वर्षे मी त्यांना रोज शाळेत नेले आणि परत आणले. सकाळी ते मला एका अंगाला कलती करत, पेट्रोल पुढे सरके आणि दुसऱ्या किकला मी सुरू होई. माझ्यावर गॅसची टाकी बसली, ज्वारीचे पोते बसले, बाळंतपणाला निघालेली शेजारीणसुद्धा बसली. "आमची स्कूटर म्हणजे घरची लेक," असे अण्णासाहेब पाहुण्यांना सांगत. ते ऐकले की माझा दिवा न लावताच उजळल्यासारखा वाटे.

मग ते निवृत्त झाले आणि एका दुपारी ती आली.

मानवतच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात ती चाळीस वर्षे कापसाच्या गाठींमागे उभी होती. जिनच्या मालकाने कधीकाळी हैदराबादहून हौसेने आणलेली इंग्लिश स्पोर्ट्स कार! दोनच माणसांची जागा, डोक्यावर छप्पर नाही, लांब नाक आणि जमिनीला टेकलेले पोट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती उतरली तेव्हा तिच्या गादीतून सरकी आणि उंदराचे घरटे खाली पडले. मी मनात म्हटले, ही कसली गाडी, हे तर भंगार!

पण अण्णासाहेबांनी त्या भंगाराकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी अठ्ठावीस वर्षांत पाहिली नव्हती.

"अहो, ह्याच्यात बसायचं का लोळायचं?" लीलाबाई म्हणाल्या. "म्हातारपणी सवत आणली की माझ्यावर!"

मला फार बरे वाटले. या घरात माझ्या बाजूचे कोणीतरी आहे, असे वाटले.

दुसऱ्याच दिवशी मला शेडमधून काढून पाण्याच्या टाकीशेजारी उभे केले आणि माझ्या जागी ती गेली. माझ्या डिकीतले पाने तिच्यासाठी काढले. तिचे नट इंचाच्या मापाचे होते, त्यामुळे माझे पाने त्यांच्यावरून घसरले. मी खूश झाले. पण अण्णासाहेबांनी लगेच तिच्यासाठी इंचाचे पाने मागवले. माझ्यासाठी कधी साधा आरसासुद्धा वेळेवर आला नव्हता!

ट्रॅक्टर दुरुस्त करणारा सिद्धोधन रोज येऊ लागला. दोघांनी तिचे इंजिन उतरवले, रॉकेलने धुतले, गंज घासला आणि तिला हिरवा रंग दिला. ते मऊ कापडाने तिला पुसत आणि तेच कापड माझ्या हँडलवर वाळत घालत. रस्त्याने जाणारे लोक थांबून तिला बघत. मुले तिच्याजवळ फोटो काढत आणि फोटोत मी आले तर बाजूला सरकून पुन्हा काढत.

एके दिवशी अंगणात कोणी नसताना लीलाबाई हळूच शेडमध्ये गेल्या. इकडेतिकडे पाहून त्या तिच्या नव्या गादीवर बसल्या, स्टिअरिंगला हात लावला आणि चक्क हसल्या. त्या दिवसापासून मी एकटी पडले.

दसऱ्याला गाडी काढून सगळ्यांकडे सोने द्यायला जायचे, असे ठरले होते. आठ दिवस आधी सिद्धोधनने बॅटरी जोडली. इंजिन गरजले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेबांनी जरा जोर दिला, तोच बॉनेटखालून काळा धूर निघाला.

मित्रांनो, खरे सांगते, तो धूर मला उदबत्तीसारखा वाटला.

चूक कशी झाली, ते ऐका. आपल्याकडच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडतात. त्या जुन्या इंग्लिश गाडीत उलट होते; तिथे धन टोक जोडायचे होते. तशी सूचना बॉनेटखालच्या एका पट्टीवर कोरलेली होती. पण सगळे नवेकोरे दिसावे म्हणून या दोघांनी त्या पट्टीवरही रंग मारला होता.

अण्णासाहेबांनी नखाने रंग खरवडून ती अक्षरे वाचली. "तीस वर्षं पोरांना धन-ऋण शिकवलं मी," ते म्हणाले, "आणि मीच नापास!"

"सर, करंटची एक डबीच जळालीय. पुण्याहून मागवू," सिद्धोधन म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बोट केले. "पण ही भंगारात देऊन टाका की आता. लय अडचण व्हायलीय. गाडी बाहेर काढताना वळायला जागा न्हाई."

"दसरा होऊ दे, मग बघू," अण्णासाहेब म्हणाले.

ते 'नाही' म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून मी दसऱ्यापर्यंतचे दिवस मोजू लागले.

खंडेनवमीला लीलाबाईंनी सगळे पाने धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, फुले ठेवली. पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. दुपारी निरोप आला, की डबीचे पार्सल एसटी स्टँडवर आले आहे. अण्णासाहेब उठले आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याजवळ आले.

मी ठरवले, पहिल्या किकला सुरू व्हायचे. ती गाडी माझ्यामुळे सुरू झाली, हे सगळ्यांना दिसू दे.

एक किक. दुसरी. दहावी. त्यांनी मला कलती केले, पुन्हा मारली. मी रुसले नव्हते, मित्रांनो. मला खरोखरच जमत नव्हते.

"सोडा सर, हिचा जीव गेलाय," सिद्धोधन म्हणाला.

"रिक्षा करा न् जा की," लीलाबाई म्हणाल्या. "पार्सलचं हापिस बंद व्हईल."

अण्णासाहेब खाली बसले. माझ्या टाकीचे झाकण उघडून त्यांनी वास घेतला. पेट्रोल सडून त्याचा डिंक झाला होता.

"लीला," ते म्हणाले, "त्या जिनवाल्यानं गाडी गोदामात टाकली म्हणून मी त्याला वर्षभर शिव्या घालायलोय. आणि मी काय करायलोय? हिला पाण्याच्या टाकीपाशी उभी करून तेच की!"

ते घरात गेले आणि पाटावरचे पाने घेऊन आले.

"अहो! पुजलेत ते!"

"फुलं बाजूला ठेव. देव रागावला तर मी बघतो."

संध्याकाळपर्यंत ते माझा कार्बोरेटर धूत बसले. पार्सलचे ऑफिस बंद झाले. दसऱ्याला ती हिरवी गाडी शेडमध्येच राहिली, आणि लीलाबाईंना मागे बसवून मी घरोघरी सोने वाटत फिरले. सिद्धोधनकडेही गेलो. "जिती झाली का ओ ही?" एवढेच तो म्हणाला. नंतर त्यानेच शेडला दोन पत्रे वाढवून दिले.

आता ती गाडीही धावते. तिच्या अंगावरून मऊ कापड फिरले, की अजूनही मी जळते. ते खोटे कशाला सांगू? पण तिच्या गादीतले उंदराचे घरटे मला आता आठवते. तीही कोणाची तरी लाडकी होती आणि तिलाही कोणीतरी विसरले होते.

मित्रांनो, नवे जरूर आणा. नव्याचे कौतुक करा. आम्ही जळू, कुरकुरू, तिकडे लक्ष देऊ नका. फक्त आठवड्यातून एकदा जुन्याला किक मारून बघा. बंद पडून राहिलो, की आम्हाला मत्सर करण्याइतकाही आवाज उरत नाही.